एका दिवसाच्या डोंगराची तयारी

घाटमाथ्यावर राहणाऱ्या माणसाला डोंगर चढण्याची तयारी शिकवणे म्हणजे माशाला पोहण्याचे धडे देणे होय, असे आमच्या पुष्कळ वाचकांस वाटेल. आमच्या खानापूर तालुक्यात लाकूडफाटा, काजू, गुरेढोरे ह्यांच्या निमित्ताने डोंगर रोजच पायांखाली असतो. परंतु रोजचा डोंगर निराळा आणि सहलीचा डोंगर निराळा. रोजच्या डोंगरावर माणूस आपल्या वेळेला, आपल्या चालीने आणि एकटा किंवा आपल्यासारख्याच दुसऱ्याबरोबर जातो. सहलीला सगळे घर निघते. आणि घरात सोळा वर्षांचा मुलगा असतो, अकरा वर्षांची मुलगी असते व पासष्टी ओलांडलेली एखादी वडीलधारीही असते. ह्या सर्वांचे पाय एका चालीत कसे आणावयाचे, हाच खरा प्रश्न. बाकी सारे पिशवी भरणे आहे.

गेल्या जानेवारीत आम्ही घरची पाच माणसे कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानात अर्ध्या दिवसाची डोंगरचाल करून आलो. चालीला अर्धा दिवस लागला. तयारीला आठ आठवडे लागले. वाचकांपैकी कोणी मुलाबाळांसह असा बेत करीत असतील तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून ती हकिगत येथे देत आहोत.

कारकळजवळ अत्तूर येथे संत लॉरेन्सचे जे प्रसिद्ध ख्रिस्तमंदिर आहे, त्यास २०१६ मध्ये लघु बॅसिलिकेचा मान मिळाला. तेथील सण जानेवारीत भरतो आणि सर्व धर्मांचे लोक त्यास लोटतात. आम्ही उभयतांनी त्या सणास जाण्याचे ठरविले तेव्हा आमच्या आत्याबाई सहज म्हणाल्या, "कारकळपर्यंत जाताच आहात, तर घाट चढून एकदा कुद्रेमुखला जाऊ या."

ह्या 'सहज' बोलण्यामागे चाळीस वर्षे होती. आत्याबाईंचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, कुद्रेमुखच्या लोहखनिजाच्या खाणीवर यांत्रिक विभागात नोकरीस होते. लग्न होऊन आत्याबाई गेल्या त्या थेट तेथील कामगार वसाहतीत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे २००५ सालच्या अखेरीस खाण बंद झाली व हे कुटुंब गावी परतले. त्यानंतर काही वर्षांनी आतोबा देवाघरी गेले. इतकी वर्षे त्या डोंगरांच्या पायथ्याशी संसार केला, पण मुले, स्वयंपाक, पाळीचे डबे आणि पाऊस ह्यांतून एकाही डोंगरावर चढणे झाले नाही, ही गोष्ट त्यांनी आम्हांस ह्यापूर्वी कधी सांगितली नव्हती.

आमच्या घरात ह्यावर दोन पक्ष पडले. आत्याबाईंना मधुमेह आहे. उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. त्यांना खाली विश्रामगृहात बसवावे व आपण चढून यावे, असा एक पक्ष. त्यांना नेता येत नसेल तर कोणीच चढू नये, असा दुसरा. आमचा थोरला पहिल्या पक्षाचा पुढारी होता, हे सांगावयास नको. आत्याबाईंनी दोन्हींकडचे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मला शिखरावर न्या असे मी म्हणत नाही. मला निघू द्या, एवढेच." त्यापुढे वाद चालणे शक्य नव्हते. मग कसे न्यावे, एवढाच विचार उरला.

पहिले काम म्हणजे डोंगर निवडणे. कुद्रेमुख ह्या कन्नड नावाचा अर्थ घोड्याचे तोंड. मुख्य शिखर १,८९० मीटरांच्या आसपास उंच आहे व त्याची वाट जाऊन-येऊन अठरा-वीस किलोमीटरांची. ती आमच्यासाठी नव्हती. त्याच उद्यानात कुरिंजल नावाचे लहान शिखर आहे. तेथील चाल जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर. आधी झाडीतून, मग उघड्या गवताळ उतारांवरून. फार सोपी नव्हे, फार अवघडही नव्हे. मोठ्या डोंगराचे नाव घरी येऊन सांगण्यात जी शोभा आहे ती ह्यात नाही. परंतु घरच्या माणसांना घेऊन जाताना शोभेचा विचार शेवटी करावा.

दुसरे काम परवान्याचे. हे उद्यान १९८७ मध्ये घोषित झाले. सुमारे सहाशे चौरस किलोमीटरांचे आहे. तुंगा, भद्रा व नेत्रावती ह्या तिन्ही नद्या ह्याच डोंगररांगेत गंगामूळ येथे उगम पावतात. अशा ठिकाणी वाटेल त्याने वाटेल तेव्हा शिरावे हे योग्यही नाही. २०२४ च्या जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या जोडसुट्टीत कर्नाटकातील कुमारपर्वतावर जत्रेसारखी गर्दी लोटली. त्यानंतर वनखात्याने डोंगरवाटांसाठी इंटरनेटवरून आगाऊ नोंदणी सक्तीची केली व दर वाटेवर माणसांची संख्या ठरविली. नोंदणीचे काम थोरल्याने केले. ओळखपत्रांच्या प्रती, वाटाड्याची व्यवस्था, मुक्काम न करण्याची अट, प्लास्टिक न नेण्याची अट, हे सर्व आधी वाचून घ्यावे. उन्हाळ्यात गवत वाळून वणव्याची भीती वाढली की ह्या वाटा बंद होतात, आणि पावसाळ्यात तेथे सहा हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. म्हणजे मधले थोडेच महिने हाती राहतात. आम्ही सण आटोपल्यावरचा शुक्रवार निवडला. सुट्टीचा दिवस टाळला तर निम्मी दगदग टळते.

तिसरे काम आत्याबाईंना डॉक्टरांकडे नेण्याचे. हे काम पुष्कळ घरांत टाळले जाते, कारण डॉक्टर 'नको' म्हणतील अशी भीती असते. आमच्या डॉक्टरांनी 'नको' म्हटले नाही. आठ आठवडे मागून घेतले. रक्तातील साखर, रक्तदाब, हृदयाची आलेख तपासणी झाली. मधुमेह्याने फार चालले की साखर वाढत नाही, उलट एकाएकी उतरते, हे आम्हांस त्या दिवशी नीट उमगले. त्या दिवशी सकाळची गोळी किती घ्यावी हे डॉक्टरांनीच ठरवून दिले. ते प्रत्येकाचे वेगळे असते, दुसऱ्याचे पाहून करू नये. अंगाला घाम सुटणे, हात कापणे, बोलणे भरकटणे ही लक्षणे दिसताच जागच्या जागी बसवून तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटे थांबावे, आणि बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावे, एवढे घरातल्या प्रत्येकाला पाठ करावयास लावले. धाकटीने ते पाढ्यांसारखे पाठ केले. साखरेची पुडी एकाच पिशवीत न ठेवता तीन जणांच्या खिशांत ठेवावी, कारण जिच्याजवळ पुडी आहे ती नेमकी पुढे निघून गेलेली असते.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून आत्याबाईंचे चालणे सुरू झाले. पहिल्या आठवड्यात पाटापर्यंत, सपाटीने अर्धा तास. तिसऱ्या आठवड्यापासून चर्चसमोरच्या पायऱ्या. दोनदा चढणे, दोनदा उतरणे, मग तीनदा, मग पाचदा. आमची समजूत अशी असते की कष्ट चढण्यात आहेत. फुप्फुसांपुरते ते खरे. पण गुडघा दुखावतो तो उतरताना, कारण प्रत्येक पावलाला सारे अंग मांडीच्या स्नायूंवर तोलून धरावे लागते. त्यासाठी उतरण्याचाही सराव हवा. उतरताना पाऊल लहान टाकावे, गुडघा ताठ ठेवू नये, आणि हातात काठी असावी. सपाटीवर उभे राहून काठी धरली असता कोपराचा काटकोन व्हावा, इतकी तिची लांबी. आम्ही वेळूची तोडून आणली. तिने विकतच्या काठीपेक्षा काही कमी काम केले नाही.

नाताळ मध्ये आला. नेवऱ्या, दोदोल आणि कुलकुल ह्यांच्या ताटापुढे आत्याबाईंनी जो निग्रह दाखविला, तो डोंगर चढण्यापेक्षा मोठा होता असे आमचे प्रामाणिक मत आहे.

बुटांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथेच अधिकात अधिक माणसे फसतात. नवे बूट सहलीच्या दिवशी प्रथम घालू नयेत. किमान तीन-चार आठवडे ते पायांत वागवलेले असावेत. घेताना संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभराने पाय थोडे सुजतात. पुढे अंगठ्याला बोटभर जागा असावी, नाही तर उतरताना नखे बुटावर आपटून काळी पडतात. आदल्या दिवशी नखे कापावीत. मोजे जाड, आणि एक जोडी जादा. चप्पल घालून डोंगर हिंडण्याची आमच्याकडे सवय आहे व तिचा आम्हांला अभिमानही आहे. परंतु वाळल्या गवतावर चप्पल सटकते आणि गोचिडीला पाय मोकळा मिळतो.

गोचिडीचा उल्लेख आला म्हणून येथे थांबणे भाग आहे. ही ओळ वाचून वाचकांनी पान उलटू नये. शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडे मरू लागली, माणसांना ताप येऊ लागला, आणि एका नव्या रोगाचा शोध लागला. त्यासच आपण माकडताप म्हणतो. तो पश्चिम घाटातून पसरत आला असून गोव्यातील सत्तरी आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग येथील काजूच्या बागांतून काम करणाऱ्यांना त्याची ओळख करून द्यावयास नको. गोचिडीच्या दंशाने तो माणसास होतो; दंशानंतर तीन ते आठ दिवसांत एकाएकी सणकून ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते; आणि लागण झालेल्या शंभरांत तीन ते पाच माणसे दगावतात. डिसेंबरपासून मेपर्यंतचा काळ त्याचा, म्हणजे नेमका आपल्या सहलींचा. भिऊन घरी बसावे असे नाही. पण अंगभर कपडे घालावेत, सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत असाव्यात, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत. रंग फिका असावा, म्हणजे गोचीड चढताना दिसते. पाचोळ्यावर बसू नये, लोळू तर नयेच. जेथे माकड मेलेले दिसेल तेथून दूर व्हावे व वनखात्यास कळवावे. गोचीड चिकटलीच तर रॉकेल ओतू नये, काडीने भाजू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढावी व जागा साबणाने धुवावी.

ह्या नियमामुळे आत्याबाईंच्या लुगड्याचा प्रश्न उभा राहिला. सलवार-खमीस त्यांनी जन्मात घातला नव्हता. दोन दिवस अबोला झाला. अखेर आमच्या धाकट्या बहिणीचा फिक्या पिवळ्या रंगाचा पोशाख त्यांना बेताचा बसला व तो घालण्यास त्या तयार झाल्या. मात्र फोटो कोणी काढावयाचा नाही, ही अट.

पाणी माणशी अडीच ते तीन लिटर घेतले. एका लिटरचे वजन एक किलो, म्हणजे पाच माणसांचे बारा-पंधरा किलो नुसते पाणी. हे ओझे थोरल्याने आणि आम्ही वाटून घेतले. गवताच्या डोंगरावर जानेवारीत सकाळी धुके आणि गारवा असतो. त्यामुळे तहान लागत नाही, माणूस पाणी पीत नाही, आणि अकरानंतर सावलीचे एक झाड नसलेल्या उतारावर ऊन एकदम डोक्यावर येते. तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने चार घोट घ्यावेत. टोपी हवीच. वाऱ्यासाठी एक पातळ जाकीट हवे. उंची हजार मीटर वाढली की हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते, आणि घामाने भिजलेला सुती सदरा वाऱ्यात अंगाला बर्फासारखा लागतो.

खाण्याचे फार सांगण्यासारखे नाही. चपात्या, उकडलेली अंडी, केळी, शेंगदाणे, थोडा गूळ. स्टीलचे डबे आणि केळीची पाने नेली, म्हणजे कचराच राहिला नाही. चहा थर्मासमधून, उद्यानात चूल पेटवावयाची नसते, बिडी-काडीही नाही. बेळगावचा कुंदा नेण्याचा थोरल्याचा हट्ट होता, तो आम्ही मोडून काढला. ज्या पंक्तीत एकाने पाहत बसावयाचे, ती पंक्त डोंगरावर तरी नको. ह्याखेरीज पट्टी, जंतुनाशक, चिमटा, बॅटरी, शिट्टी. मोबाइल सर्वांजवळ होते, पण दरीत त्यांची रेंज जाते. म्हणून कारकळला ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्याजवळ कागदावर लिहून ठेवले: कोण कोण जात आहोत, कोणत्या वाटेने, गाडीचा क्रमांक, परत केव्हा, आणि रात्री आठपर्यंत निरोप आला नाही तर ११२ वर कळवावे. यजमानीणबाई हसल्या, पण कागद त्यांनी दिनदर्शिकेला टाचून ठेवला.

आता वेळेचा हिशोब. नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा सांगितला, तो आजही चालतो: दर पाच किलोमीटरांस एक तास, आणि दर सहाशे मीटर चढास आणखी एक तास. दहा किलोमीटर चाल व तीनशे मीटर चढ असेल, तर अडीच तास. पण हा हिशोब धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा. आम्ही त्याची सरळ दुप्पट केली व खाण्या-बसण्याचा एक तास मिळविला. सहा तास झाले. साडेसातला निघालो तर दीडला खाली. त्यावरून परत फिरण्याची वेळ ठरविली: अकरा. अकरा वाजता जेथे असू तेथून मागे, मग शिखर हाताच्या अंतरावर असो. थोरल्याने विचारले की दिवस मावळतो साडेसहाच्या सुमारास, मग इतकी घाई कशाला? आम्ही त्याला उलट विचारले की कोणाचा पाय मुरगळला तर उतरावयास किती वेळ लागेल? त्याने गणित केले, आणि मग तो बोलला नाही.

दुसरा ठराव असा की, चालताना सर्वांत पुढे आत्याबाई. आपल्याकडे उलट चालते. तरणी मंडळी पुढे धावतात, मग थांबून विसावा घेतात. मागचे माणूस धापा टाकीत पोहोचले की "चला" म्हणून उठतात. ज्याला विसाव्याची खरी गरज त्यालाच तो मिळत नाही. आत्याबाई पुढे, त्यांच्या मागे धाकटी, मग बाकीचे. वाटाड्याला हे सकाळीच सांगितले, व त्याने मान डोलावली. तिसरा ठराव: तुकडी फोडावयाची नाही. ह्या ठरावाला थोरल्याचे मत सर्वांत शेवटी पडले, पण पडले.

बजगोळी आणि माळा ह्या गावांवरून घाट चढून आम्ही शुक्रवारी पहाटे उद्यानात पोहोचलो. चालीचे वर्णन थोडक्यातच करतो. झाडीतला पहिला तास थंडीत गेला. गवतावर आलो तेव्हा धुके उचलत होते. आत्याबाई दर दोनशे पावलांवर थांबत, काठीवर दोन्ही हात ठेवून दहा श्वास मोजत व पुन्हा चालू लागत. दोनदा साखर तपासली, ठीक होती. पौणेअकराच्या सुमारास एका खडकापाशी वाटाड्या म्हणाला, अजून अर्ध्या तासाची वाट आहे. सगळ्यांनी घड्याळे पाहिली. थोरल्याने आमच्याकडे पाहिले नाही. त्याने पाठीवरची पिशवी उतरविली, डबे काढले, आणि आत्याबाईंसाठी खडकावर टॉवेल पसरला.

त्या खूप वेळ काही बोलल्या नाहीत. समोर पिवळ्या गवताचे उतार एकामागून एक गेलेले होते, आणि घळींमधून काळसर रान. मग म्हणाल्या की पावसाळ्यात चार-चार महिने खिडकीबाहेर काही दिसत नसे. आतोबा कामावरून भिजून येत आणि सांगत की वर ऊन आहे. तेव्हा त्यांना ती थट्टा वाटे.

अकरा वाजून पाच मिनिटांनी आम्ही उठलो. उतरताना गुडघ्याला पट्टा बांधला होता तरी शेवटच्या टप्प्यात त्या दोनदा बसल्या. खाली पोहोचलो तेव्हा दोन वाजत आले होते, म्हणजे आमचा हिशोब अर्ध्या तासाने चुकला होता. मोकळी वेळ राखलेली असल्यामुळे त्याचे काही वाटले नाही. रात्री कारकळला सर्वांचे कपडे उकळत्या पाण्यात टाकले व एकमेकांची अंगे तपासली. थोरल्याच्या मोज्यावर एक गोचीड सापडली, चावलेली नव्हती. तरीही दिनदर्शिकेवर त्या शुक्रवारापासून दोन आठवड्यांची खूण करून ठेवली, म्हणजे कोणाला ताप आला तर डॉक्टरांना सांगता यावे. तो कोणासही आला नाही.

आत्याबाईंचे बूट अजून ओसरीवर असतात. सकाळी पाटापर्यंत जाणे त्यांनी सोडलेले नाही. काठी मात्र पुढच्या वेळी दोन बोटे आखूड हवी, असे त्यांचे म्हणणे आहे.